टेक्स्चर केकवरच्या क्रीमसारखं दिसतंय? आधी भिंत कशी झाली ते बघा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही दोन वर्षं अ‍ॅक्रिलिकमध्ये गिरगाव-काळबादेवीच्या जुन्या चाळींची चित्रं करताय. व्हिडिओ बघून नाइफ (रंग फासायची पातळ पाती) आणि मॉडेलिंग पेस्ट (उंचवटे करायची घट्ट पेस्ट) वापरायला लागलात, पण भिंती भिंतीसारख्या न दिसता केकवर क्रीम फासल्यासारख्या दिसतात. एका मोठ्या कॅनव्हासला तडे गेलेत. पेस्टचा डबा परवडत नाही. आणि शेवटी विचारलंय की रोज तेच रस्ते बघून चित्राची ओढ टिकते कशी. मी सव्वीस वर्षं मुंबईतच शहराची चित्रं करतोय, त्यातली बरीचशी जाड थरांची, त्यामुळे जे अनुभवलंय तेच सांगतो, जरा लांबेल.

पहिली गोष्ट, तुमचा नाइफ चुकत नाहीये. तुम्ही टाकलेले तीन फोटो मी नीट बघितले, हात चांगला आहे. गडबड अशी की तुम्ही आधी चित्र पूर्ण करताय आणि मग त्यावर टेक्स्चर चढवताय, आणि सगळीकडे सारखंच चढवताय. आकाशातही तोच जाड फटका, भिंतीवरही तोच, रस्त्यावरही तोच. खऱ्या भिंतीचा खडबडीतपणा कोणी वरून लावलेला नसतो. आधी विटा आल्या, मग गिलावा, मग चुन्याचे पाच-दहा हात, मग डिस्टेंपर, मग पाऊस, मग पोपडे, मग मेस्त्रीने सिमेंटने बुजवलेला तुकडा, मग पोस्टर. या क्रमाने ती भिंत झाली. तुम्ही तिचा शेवट तेवढा बघताय आणि तो एका फटक्यात काढायला जाताय, म्हणून क्रीम दिसतं. मी एवढंच करतो की भिंत ज्या क्रमाने झाली त्याच क्रमाने बोर्डावर करतो. बाकी सगळी तंत्रं यातूनच येतात.

आता कशाकशावर अवलंबून आहे तेही सांगतो, नाहीतर माझं बघून कराल आणि फसाल. तुम्ही अ‍ॅक्रिलिकमध्ये आहात म्हणून हे सगळं अ‍ॅक्रिलिकचं. तैलरंगात जाड थर सुकायला महिनोन्महिने जातात आणि तिथले नियम वेगळे. मी सांगतो त्या वेळा मुंबईच्या हवेतल्या आहेत, नागपूरला मे महिन्यात हेच थर अर्ध्या वेळात सुकतील. आणि चित्र विकायचं असेल तर सामान टिकाऊच लागतं, सरावाला काहीही चालतं.

भिंतीचं मी म्हणतो ते नीट कळावं म्हणून एक भिंत सांगतो. गिरगावात एका चाळीची पश्चिमेकडची बाजू मी बरीच वर्षं बघतोय. आपल्याकडे पाऊस नैऋत्येकडून येतो, त्यामुळे तीच बाजू सगळ्यात जास्त मार खाते, पूर्वेची बाजू त्या मानाने अजून पिवळी आहे. खिडकीच्या खालच्या छज्जाच्या दोन्ही टोकांपासून काळे ओघळ निघतात, मधे नाही, कारण पाणी छज्जावरून वाहत वाहत टोकाला येतं आणि तिथून उतरतं. ओघळ वर काळा आणि रुंद, खाली जाता जाता बारीक आणि हिरवट. पाइपाच्या सांध्याशी शेवाळ, त्याच्या वर वीतभर पिंपळाचं रोप, आणि रोपाच्या मुळाशी गिलावा फुगून फुटलाय, तिथे विटांचा लाल दिसतो. जमिनीपासून कमरेएवढा पट्टा वेगळाच, माणसं टेकून उभी राहतात आणि स्कूटर लागतात म्हणून तो घासून गुळगुळीत आणि तेलकट झालाय. म्हणजे एकाच भिंतीत खडबडीत जागा आहे, गुळगुळीत आहे, फुगलेली आहे, ओली आहे, आणि प्रत्येकीला कारण आहे. हे कारण माहीत असलं की नाइफ कुठे थांबवायचा ते हाताला आपोआप कळतं.

इमारत बदलली की हे सगळं बदलतं. गिरगावची चाळ म्हणजे लाकडी सांगाडा, मधे वीटकाम, चुना, वर कौलं आणि कौलांवर निळी ताडपत्री. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या, त्या काँक्रीटच्या. तिथे पोपडे येत नाहीत, आतली सळई गंजून फुगते आणि काँक्रीटचा तुकडाच्या तुकडा सुटतो, मागे तपकिरी रेघ राहते. म्हणजे तिथे थर घासून काढायचा नाही, कडेने तोडायचा. फोर्टात गेलात तर मालाडचा पिवळसर दगड आणि काळा बेसाल्ट, तिथे सांधे महत्त्वाचे, दगडाचा पृष्ठभाग त्यामानाने शांत. आणि लोअर परळचे काचेचे टॉवर, तिथे पेस्टचं काही कामच नाही. मी तो भाग पुट्टी ओढायच्या लवचिक पत्र्याने सपाट करतो आणि वर ग्लॉस मीडियम, म्हणजे चमक आणणारं पारदर्शक द्रव, देतो, शेजारची चाळ मॅट, म्हणजे बिनचमकीची, ठेवतो. चमक आणि मंदपणा हाही टेक्स्चरच आहे, फोटोत येत नाही पण चित्रासमोर उभं राहिलं की पहिल्यांदा तोच जाणवतो.

ओढ कुठून येते, याचं उत्तर मला तरी एका जागेला परत परत जाण्यात सापडलं. नव्या नव्या जागा शोधत फिरलो त्या काळात माझी चित्रं सगळ्यात उथळ झाली. एकच गल्ली सकाळी आठला, दुपारी एकला आणि दिवे लागल्यावर बघा, आणि तीच जूनच्या पहिल्या पावसानंतर परत बघा. चित्रकार सुधीर पटवर्धन ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत करत वर्षानुवर्षं आजूबाजूचं शहर रंगवत राहिले, रोजचं बघणं किती खोल जाऊ शकतं त्याला याहून मोठा दाखला माझ्याकडे नाही. जाड थरांसाठी मात्र मी दुसऱ्यांकडे बघत आलो. चित्रकार सय्यद हैदर रझा १९४३ मध्ये मुंबईत आले, इथल्या रस्त्यांची त्यांनी जलरंगात खूप चित्रं केली, १९५० मध्ये फ्रान्सला गेले आणि त्या दशकात तिथल्या गावांची घरं जाड तैलरंगात यायला लागली. दोन्ही प्रिंट शेजारी ठेवून बघा. मुंबईच्या चित्रांत ओली हवा आहे, फ्रान्सच्या चित्रांत रंगाचा थर हेच घर आहे. चित्रकार रामकुमार १९६० च्या सुमारास एम. एफ. हुसेनांसोबत बनारसला गेले, त्यानंतर त्यांच्या शहरातून माणसं निघूनच गेली आणि घाटावरची घरं एकमेकांवर रचलेल्या ठोकळ्यांसारखी झाली, तरी बघणाऱ्याला ते बनारस वाटतं. आणि पॅरिसचा चित्रकार युट्रिलो तिथल्या माँमार्त्र वस्तीच्या पांढऱ्या भिंती करताना रंगात प्लास्टर मिसळायचा. भिंतीसाठी भिंतीचंच सामान, हा विचार मला विशीत वाचल्यापासून सोडत नाहीये.

स्केचबुकाबरोबर मी पातळ कागद आणि मेणाचा खडू ठेवतो. लहानपणी आपण नाण्यावर कागद धरून पेन्सिल घासायचो ना, तसंच भिंतीवर कागद धरून खडू घासायचा. अशा घासलेल्या कागदांचा गठ्ठा माझ्याकडे आहे, प्रत्येकावर गल्ली, तारीख आणि रंगाची नोंद, उदाहरणार्थ "वर निळसर चुना, आत गेरू, कडा पिवळट". फोटो काढायचाच तर सकाळी लवकर काढा, उजेड भिंतीला घासून जात असतो तेव्हा. भर दुपारी समोरून काढलेल्या फोटोत भिंत सपाट दिसते, आणि तुमच्या फोटोंत मला तेच दिसलं, तुम्ही सपाट फोटोवरून खडबडीत भिंत मनाने बनवताय.

आता सामान. जाड काम ताणलेल्या कॅनव्हासवर करू नका. कॅनव्हास हलतो, पेस्ट त्याच्याइतकी वाकत नाही. मी ९ मिलीमीटर प्लायवर किंवा ६ मिलीमीटर एमडीएफवर करतो, दोन फुटांच्या वर गेलं की मागे लाकडी चौकट. पुढून, मागून आणि विशेषतः चारही कडांना सीलर (ओल अडवणारा लेप) आणि मग पुढे जेसोचे (रंग नीट धरावा म्हणून द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन हात. कडा राहिल्या तर एमडीएफ जुलैत पाणी पिऊन फुगतं, माझे तीन बोर्ड असे गेलेत.

पेस्ट घरी करता येते. पांढरी रांगोळी, म्हणजे दगडाची भुकटी, चहाच्या गाळणीने आणि मग मलमलच्या कापडातून चाळून घ्या. एक भाग अ‍ॅक्रिलिक मॅट मीडियम (रंगातला बिनचमकीचा चिकट द्रव, रंगद्रव्याशिवाय), एक ते दीड भाग रांगोळी, थोडा जेसो. श्रीखंडाएवढं घट्ट झालं की बास. एका तुकड्यावर लावून पूर्ण सुकू द्या आणि नखाने जोरात ओरखडा. भुकटी निघाली तर मीडियम कमी पडलंय. जास्त खरखरीत हवं असेल तर बांधकामाची रेती धुऊन, वाळवून, चाळून घाला. चौपाटीची वाळू अजिबात नको, तिच्यात मीठ असतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि वरचा रंग सोडवतं. फेव्हिकॉलमध्ये कालवायचा मोह सगळ्यांना होतो, सरावाला ठीक, पण ओल लागली की ते मऊ पडतं, विकायच्या चित्राला नको.

आणि भिंतीची पुट्टी. तुमच्या तडे गेलेल्या कॅनव्हासवर तीच आहे असं तुम्ही लिहिलंय. हे माझ्याही हातून झालंय. सुरुवातीच्या वर्षांत मी चार फुटी कॅनव्हासवर पांढऱ्या सिमेंटच्या पुट्टीने अख्खी चाळ उभी केली, चित्र विकलं गेलं, दीड वर्षाने त्या गृहस्थांनी फोन करून घरी बोलावलं. कठड्याचा एक भाग सुटून त्यांच्या सोफ्यामागे पडला होता, त्यांनी तो कागदात जपून ठेवलेला. मी पैसे परत केले आणि चित्र घेऊन आलो. पुट्टी भिंतीसाठी असते, भिंत हलत नाही म्हणून ती तिथे टिकते.

आता क्रम. आधी बोर्डावर पातळ बर्न्ट अंबरने (गडद तपकिरी रंगाने) फक्त तीन टोनमध्ये पूर्ण रचना करा, उजेड, मधला, काळोख. इथे चित्र उभं राहिलं नाही तर कितीही पेस्ट लावा, ते उभं राहत नाही. मग विटेचा थर, पेस्टमध्येच गेरू आणि थोडा बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) कालवून, दोन मिलीमीटरच्या वर नाही. रात्रभर सुकू द्या. त्यावर दुसऱ्या पेस्टचा थर, हा चुन्याच्या रंगाचा, हार्डवेअरच्या दुकानात पेंटर लोकांचा लांबी (पुट्टी) भरायचा लवचिक पत्रा मिळतो त्याने ओढायचा. आर्टच्या दुकानातल्या नाइफपेक्षा मला तो जास्त आवडतो, कारण त्याने भिंत लिंपल्यासारखीच हालचाल होते. आता थांबा. हा थर अर्धवट सुकला की, उन्हाळ्यात पंख्याखाली वीस-पंचवीस मिनिटं, पावसाळ्यात तास-दीड तासही, बोट लावलं तर चिकटत नाही पण दाबलं तर दबतं अशा वेळी, पत्र्याच्या कोपऱ्याने जिथे पोपडा हवा तिथे उचकटा. वरचा थर तुकड्याने निघतो, कड वाकडीतिकडी राहते आणि आतून वीट दिसते. ही कड ब्रशने कधीच येत नाही. लवकर कराल तर चिखल होतो, उशीर झाला तर निघत नाही, हा अंदाज पाच-सहा बोर्ड वाया घालवूनच येतो.

खिडक्या-दरवाज्यांच्या कडांना मास्किंग टेप लावा आणि पेस्ट ओली असतानाच काढा, सुकल्यावर काढली तर कड फाटते. पत्र्याच्या छपरासाठी खोक्याचा नालीदार पुठ्ठा ओल्या पेस्टमध्ये दाबून उचला. लसणाची प्लास्टिकची जाळी, दवाखान्यातली बँडेजची पट्टी, हेही चालतं, पण एका चित्रात एकदाच आणि अर्धवट. ठसा दोनदा दिसला की बघणारा भिंत सोडून जाळी ओळखत बसतो.

पूर्ण सुकल्यावर, म्हणजे निदान दोन दिवसांनी, बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीनचा (गडद निळ्याचा) वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ गडद रंग, सगळीकडे द्या आणि ओल्या फडक्याने पुसा. खाचांत राहतो, उंचवट्यावरून निघतो. ओघळांसाठी बोर्ड उभा करा, फवाऱ्याने पाणी मारा, छज्जाच्या टोकाशी भरल्या ब्रशने रंग टेकवा आणि सोडून द्या. पाणी भिंतीवरून जसं उतरतं तसंच बोर्डावरून उतरेल, खाली पेस्टचा अडथळा आला तिथे वळेल. हे हाताने काढलं की खोटं दिसतं. सगळ्यात शेवटी कोरड्या ब्रशने फिकट रंग उंचवट्यांवर, अगदी मोजका. वायरी मी पुठ्ठ्याच्या कडेला रंग लावून ठेवतो, त्यात जरा तुटक रेघ येते ती बरी दिसते.

आता कुठे टेक्स्चर द्यायचं नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. जाड थर डोळ्याला पुढे येतो. मागची इमारत जाड केली की ती पुढच्या इमारतीच्या अंगावर येते आणि गल्लीची खोली मरते. तुमच्या दुसऱ्या फोटोत नेमकं हेच झालंय. मागच्या इमारती मी पातळ रंगात, कडा विरघळवून ठेवतो, मुंबईच्या हवेत त्या तशाच दिसतात. आकाश सपाट. जाड काम साधारण एक तृतीयांश जागेत, जिथे नजर थांबायला हवी तिथेच.

आणखी एक, जे मला बऱ्याच प्रदर्शनांनंतर कळलं. गॅलरीत आणि बहुतेक घरांत दिवा वरून असतो. वरून उजेड आला की आडवे उंचवटे सावली टाकतात, उभे जवळजवळ नाहीसे होतात. माझ्या स्टुडिओत खिडकी डावीकडे, त्यामुळे तिथे उभे पाइप सुंदर उठून दिसायचे आणि हॉलमध्ये लावल्यावर गायब. तेव्हापासून छज्जे, कठडे, कौलांच्या ओळी, पायऱ्या पेस्टने करतो, आणि पाइप, खांब यांची सावली रंगाने. काम चालू असताना मोबाइलचा टॉर्च वरून धरून बघत जा.

तुमच्या तड्यांचं: एकाच वेळी जाड थर आणि वर जोरात पंखा असं तुम्ही लिहिलंय. वरची साय आधी सुकते, आतलं नंतर आकसतं, आणि फाटतं. तीन पातळ थर करा, प्रत्येकामध्ये एक रात्र, पावसाळ्यात दोन. तो कॅनव्हास टाकू नका. आधी मागून कडक बोर्ड लावून त्याची हालचाल थांबवा. मग बोटाने हळू वाजवून बघा. पोकळ आवाज येतो तिथे पातळ केलेलं मॅट मीडियम बारीक ब्रशने तड्यात सोडा, दोन-तीनदा, मग वर प्लास्टिकचा कागद आणि त्यावर पुस्तकांचं वजन, रात्रभर. उंचवटे दबण्याइतकं वजन नको. जे तडे घट्ट आहेत ते बुजवू नका, त्यात गडद वॉश जाऊ द्या, जुन्या भिंतीला ते शोभतात.

मोठं चित्र तोवर बाजूला ठेवा. फूटभर बाय फूटभराचे सहा बोर्ड घ्या आणि तुमच्या घराजवळची एकच भिंत सहाही बोर्डांवर करा, अख्खी इमारत नको, एक खिडकी आणि तिच्या खालचा ओघळ एवढंच. झाले की इथेच फोटो टाका, एक समोरून आणि एक वरून टॉर्च धरून, दुसऱ्या थराला किती मिनिटांनी हात लावला तेही लिहा, मग पुढचं बोलू.